हा किती कसोट्या खेळलाय?

मावळ तालुक्यात ऑक्टोबर २०२३ हा वर्ल्ड कपचा महिना होता. गहुंजेच्या मैदानावर १९ तारखेला भारत-बांगलादेश सामना झाला आणि विराट कोहलीनं एकाच षटकारात शतकही पुरं केलं, सामनाही संपवला. पुढे कित्येक दिवस सोमाटणे फाट्यापासून कामशेतपर्यंत दुसरा विषय नव्हता. तिकीट कुणाला मिळालं, कुणाचं हुकलं, परतताना गाडी कुठे अडकली, पुढच्या सामन्यात कुणाला खेळवायला हवं. या धामधुमीत, २५ ऑक्टोबरला, बीसीसीआयनं एक नाव जाहीर केलं. भारतीय महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी अमोल मुझुमदार.

या बातमीनं मावळात कुणाचा चहा गार झाला नाही. पण क्रिकेट ज्यांच्या अंगात मुरलंय, त्यांच्यात दोन तट लगेच पडले. पन्नाशीच्या आसपासची मंडळी म्हणाली, ‘अरे, तो दोनशे साठवाला! बरं झालं, त्याच्या पदरात काहीतरी पडलं.’ आयपीएल बघत मोठी झालेली पोरं विचारत होती, ‘हा किती कसोट्या खेळलाय?’ एकही नाही. वन डे? तीही नाही. मग पुढचा प्रश्न ठरलेलाच: ‘मग हा हरमनप्रीतला, स्मृतीला काय शिकवणार?’

मला या प्रश्नाचा तेव्हा राग आला होता आणि आजही येतो. प्रश्न विचारणारी पोरं वाईट नाहीत. खेळावर त्यांचं मनापासून प्रेम आहे. कोचची नेमणूक झाली की चाहता पहिल्यांदा त्याच्या नावाचं वजन करतो आणि वजन करायला त्याच्याकडे एकच काटा असतो: हा स्वतः किती मोठा खेळाडू होता? हा काटाच खोटा आहे, आणि मावळच्या माणसाला तर तो शोभत नाही. का, ते पुढे सांगतो.

आधी मुझुमदारांबद्दल. मुंबईच्या मैदानांवर त्यांची कथा इतक्यांदा सांगितली गेलीय की ती आता दंतकथाच वाटते. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्डची उपांत्य फेरी, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४ धावांची आणि तीही अखंड. या भागीदारीवर पुस्तकांत पानंच्या पानं आहेत. तंबूत पॅड बांधून बसलेल्या पुढच्या फलंदाजाला त्यात एखादी ओळ मिळते. तो तेरा वर्षांचा अमोल. त्याची पाळी आलीच नाही.

पुढे त्यांच्या कारकिर्दीचंही तसंच झालं. १९९३-९४च्या मोसमात फरिदाबादला हरियाणाविरुद्ध मुंबईकडून रणजी पदार्पण आणि पहिल्याच डावात २६० धावा. प्रथम श्रेणी पदार्पणातला तो त्या वेळचा जागतिक विक्रम, आणि पुढची चोवीस-पंचवीस वर्षं तो कुणाला मोडता आला नाही. पुढचा सचिन म्हणून लोक त्यांच्याकडे बघू लागले. पण मधल्या फळीत खुद्द सचिन होता, आणि थोड्याच काळात द्रविड, गांगुली, लक्ष्मण येऊन बसले. मुझुमदार धावा काढत राहिले. प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा, ३० शतकं, सरासरी ४८च्या वर. रणजीत सर्वाधिक धावांचा विक्रमही काही काळ त्यांच्या नावावर होता. भारताची टोपी मात्र डोक्यावर चढली नाही. मुंबई सोडून ते आसामकडून खेळले, आंध्रकडून खेळले आणि २०१४मध्ये निवृत्त झाले.

त्यांच्या कप्तानीतला एक सामना इथे आठवायलाच हवा. २००६-०७ची रणजी उपांत्य फेरी, बडोद्याविरुद्ध बडोद्यात. दुसऱ्या डावात मुंबईचा धावफलक होता शून्यावर पाच बाद. फलकावर एकही धाव नाही आणि निम्मा संघ तंबूत. तिथून मुंबईनं तो सामना जिंकला आणि मग रणजी करंडकही जिंकला. माणसाला कसोट्या किती मिळाल्या हे विचारणाऱ्यानं या सामन्याचा कप्तान कोण होता, हेही कधीतरी विचारावं.

आता मावळच्या माणसाला तो प्रश्न का शोभत नाही, ते. हा कुस्तीचा मुलूख आहे. गावच्या जत्रेत देवाच्या छबिन्याइतकाच मान आखाड्याला असतो. हलगी घुमायला लागते, पैलवान लाल मातीत उतरतो आणि निवेदक त्याचं नाव पुकारतो. नुसतं नाव कधी पुकारत नाहीत. अमुक तालमीचा, अमुक वस्तादांचा पठ्ठा, असं पुकारतात. फडात बसलेल्या म्हाताऱ्याला वस्तादाचं नाव कळलं की पोरगा कुठला डाव टाकणार याचा अर्धा अंदाज येतो. त्या वस्तादानं स्वतः कुठली गदा मारली होती, हे तिथे कुणी विचारत नाही. त्याच्या मातीत किती पोरं तयार झाली, एवढंच बघतात. जानेवारी २०२०मध्ये बालेवाडीला महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके समोरासमोर आले. दोघंही काका पवारांच्याच तालमीतले. कुणीही जिंको, गदा त्याच तालमीत जाणार होती, आणि अख्ख्या महाराष्ट्रानं त्या वस्तादाला मनापासून दाद दिली. काका पवार स्वतः अर्जुन पुरस्कार मिळवलेले मल्ल, पण त्या दिवशीची दाद त्यांच्या पोरांमुळे होती.

म्हणजे गुरूला कशावरून जोखायचं हे आपल्याला ठाऊक आहे. क्रिकेटचा विषय निघाला की मात्र आपण ते विसरतो. मुझुमदारांचे स्वतःचे गुरू रमाकांत आचरेकर. आचरेकर सर उभ्या आयुष्यात प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले, तोही स्टेट बँकेकडून. त्यांच्या हाताखालून सचिन, कांबळी, प्रवीण आमरे, अजित आगरकर घडले. ‘सर, तुम्ही कसोट्या किती खेळलात?’ असं शिवाजी पार्कवर त्यांना विचारायची कुणाची छाती झाली नसती.

गहुंजेचं मैदान २०१२ साली सुरू झालं आणि तेव्हापासून मावळात कोच हा चर्चेचा विषय झाला. पुणे वॉरियर्सकडे एका मोसमात सौरव गांगुली कप्तान आणि मार्गदर्शक अशा दोन्ही भूमिकांत होता, पुढच्या मोसमात अ‍ॅलन डोनाल्ड प्रशिक्षक म्हणून आले. दोन्ही नावं डोंगराएवढी. संघ दोन्ही वेळा गुणतक्त्याच्या तळाच्या आसपास. मग रायझिंग पुणे आलं, स्टीफन फ्लेमिंग आले, २०१७ची अंतिम फेरी अवघ्या एका धावेनं गेली, आणि तो संघही गेला. ज्या संघाची मुळं इथल्या मातीत नव्हती, त्याच्या कोचवरून आम्ही तावातावानं भांडलो. त्या मानानं रणजीच्या महाराष्ट्र संघाबद्दल आपण फारच गप्प राहिलो. २०१३-१४मध्ये पुण्याचे सुरेंद्र भावे प्रशिक्षक असताना महाराष्ट्रानं मुंबईला वानखेडेवर हरवून पुढे अंतिम फेरी गाठली. केदार जाधवनं त्या मोसमात बाराशेच्या वर धावा केल्या. भाव्यांची नेमणूक कधी झाली, त्या दिवशी चर्चा काय झाली, हे मी अनेकांना विचारून पाहिलं. कुणालाच आठवत नव्हतं.

नेमणुकीच्या दिवशी चाहते काय करू शकतात, याचा जगातला सर्वांत मोठा नमुना अमेरिकेत बघायला मिळतो, आणि तोही कॉलेजच्या बास्केटबॉलमध्ये. केंटकी विद्यापीठाचे जॉन कॅलिपारी पंधरा वर्षांनंतर एप्रिल २०२४मध्ये आर्कान्सा विद्यापीठाकडे गेले. केंटकीत कोचची खुर्ची ही राज्यातल्या मोठ्या खुर्च्यांपैकी एक. मोठमोठी नावं चर्चेत आली आणि त्यांनी नकार दिला. शेवटी विद्यापीठानं मार्क पोप यांना नेमलं. पोप १९९६च्या केंटकीच्या विजेत्या संघाचे एक कप्तान, पण कोच म्हणून राष्ट्रीय स्पर्धेच्या मुख्य फेरीत तोवर त्यांच्या नावावर एकही विजय नव्हता. चाहते भडकले. ‘आमची लायकी एवढीच का?’ असाच सूर होता. आणि दोनच दिवसांनी, पोप यांची ओळख करून देण्याच्या कार्यक्रमाला, सामना नाही, काही नाही, तरी केंटकीच्या रप अरिनाच्या वीस हजारांच्या आसपास जागा भरून गेल्या. कालपर्यंत शिव्या घालणारे लोक आज घसा बसेपर्यंत ओरडत होते. आपलाच रंग एके काळी अंगावर घातलेला माणूस घरी परत आलाय, एवढं त्यांना पुरेसं वाटलं.

मुझुमदारांसाठी असं मैदान भरलं नाही. भरण्यासारखी ती खुर्चीही तेव्हा नव्हती. भारतीय महिला संघाचा प्रशिक्षक हा किती जणांचा आणि किती दिवसांचा, याचा हिशेब बघितला तर वाईट वाटतं. २०१७च्या विश्वचषकाच्या तोंडावर पूर्णिमा राव यांना हटवून तुषार आरोठे आणले गेले. संघ लॉर्ड्सवर अंतिम फेरीपर्यंत पोचला, तरी पुढच्या वर्षी आरोठे गेले. मग रमेश पोवार. त्यांच्या काळात २०१८च्या ट्वेंटी-२० विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात मिताली राजला बाहेर बसवलं गेलं आणि त्यावरून जाहीर धुणी धुतली गेली. मग डब्ल्यू. व्ही. रामन. मग पुन्हा पोवार. डिसेंबर २०२२मध्ये पोवार पुन्हा गेले आणि त्यानंतर दहा महिने कायमचा मुख्य प्रशिक्षकच नव्हता.

या दहा महिन्यांत संघ सांभाळणाऱ्यांपैकी एक होते आपले पुण्याचे हृषीकेश कानिटकर. ढाक्यात १९९८ साली सकलेनला मारलेला तो चौकार ज्यांनी पाहिलाय, त्यांना कानिटकरांची ओळख करून द्यायला नको. त्यांच्या देखरेखीखाली संघ केपटाऊनला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून पाच धावांनी हरला आणि सप्टेंबर २०२३मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आला. त्यानंतर महिनाभरात मुझुमदारांचं नाव जाहीर झालं. पुण्याच्या बाजूला थोडी हळहळ झाली आणि ती रास्तच होती. कानिटकर दोन कसोट्या खेळले होते, मुझुमदार एकही नाही, हा हिशेब लगेच मांडला गेला.

मुझुमदारांचे पहिले दिवस चाहत्यांनी फार बारकाईनं पाहिले असं नाही. डिसेंबर २०२३मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर इंग्लंडला कसोटीत ३४७ धावांनी हरवलं आणि लगोलग वानखेडेवर ऑस्ट्रेलियाला. ऑस्ट्रेलियाच्या महिलांना कसोटीत हरवण्याची भारताची ती पहिलीच वेळ. पण २०२४चा ट्वेंटी-२० विश्वचषक साखळीतच संपला आणि मग मात्र सगळ्यांना कोचचं नाव आठवलं. जिंकलं की पोरी जिंकल्या, हरलं की कोच हरला, ही रीत सगळीकडे सारखीच.

आणि मग आली २०२५ची दिवाळी.

एकदिवसीय विश्वचषक भारतात होता. श्रीलंका आणि पाकिस्तानला हरवून सुरुवात बरी झाली. मग विशाखापट्टणमला दक्षिण आफ्रिकेनं हातातला सामना हिसकावला. तिथेच ऑस्ट्रेलियानं ३३० धावा पार केल्या. पाच गोलंदाजांवर संघ का खेळवता, म्हणून ओरड झाली. इंदूरला इंग्लंडविरुद्ध सहावी गोलंदाज घेतली आणि त्यासाठी जेमिमा रॉड्रिग्जला बाहेर बसवलं, तर त्यावरून दुप्पट ओरड झाली. १९ ऑक्टोबरच्या रात्री, दुसऱ्या दिवशी पहाटे अभ्यंगस्नान करायचं म्हणून घराघरांत उटणं काढून ठेवलेलं असताना, भारत तो सामना चार धावांनी हरला. स्मृती आणि कप्तान हरमनप्रीत खेळत असताना सामना खिशात होता. नरक चतुर्दशीच्या सकाळी फराळाच्या ताटाभोवती मी जे ऐकलं, ते सगळं इथे लिहिता येणार नाही. त्यातला छापण्यासारखा भाग एवढाच: ‘जो कधी भारताकडून खेळला नाही, त्याला दडपण काय कळणार?’

त्या रात्री इंदूरच्या ड्रेसिंग रूममध्ये मुझुमदार संघाशी कडक बोलले होते, हे नंतर संघाकडूनच बाहेर आलं. आपण गप्प होतो, सर बोलले, आणि कुणी ते मनाला लावून घेतलं नाही, अशा अर्थाचं हरमनप्रीतनं पत्रकारांना सांगितलं. मला यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, कप्तानानं गप्प बसून कोचला बोलू दिलं. दोन, त्या बोलण्याचा कुणाला अपमान वाटला नाही. २०१८ साली याच संघात कोच आणि खेळाडू यांच्यातलं बोलणं पत्रांतून आणि वर्तमानपत्रांतून होत होतं. तिथून इथपर्यंतचं अंतर धावांत मोजता येत नाही.

भाऊबीजेला, २३ ऑक्टोबरला, नेरूळला न्यूझीलंडविरुद्ध जेमिमा परत आली, तीही तिसऱ्या क्रमांकावर. स्मृती आणि प्रतिका रावळ दोघींची शतकं, जेमिमा नाबाद ७६. उपांत्य फेरी पक्की. ३० ऑक्टोबरला ऑस्ट्रेलियानं ३३८ धावा केल्या तेव्हा लोणावळ्यात बाजारपेठेतल्या एका चिक्कीच्या दुकानात टीव्हीसमोर आम्ही काहीजण उभे होतो. दुकानदारानं गुडदाणीचा पुडा बांधता बांधता आवाज कमी केला. कुणी म्हणालं, ‘झालं, संपलं.’ त्याच वेळी तिकडे मुझुमदारांनी ड्रेसिंग रूममधल्या फळ्यावर लिहिलं होतं की अंतिम फेरीसाठी आपल्याला त्यांच्यापेक्षा फक्त एक धाव जास्त हवी. सामन्यानंतर त्यांनीच ते सांगितलं. आपण तिसऱ्या क्रमांकावर जाणार हे जेमिमाला फलंदाजीच्या जेमतेम पाच मिनिटं आधी कळलं. ती १२७ धावा करून नाबाद परतली. हरमनप्रीतच्या ८९. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमधला सर्वांत मोठा यशस्वी पाठलाग. नऊ चेंडू शिल्लक होते. ज्याला शारदाश्रमच्या तंबूत पॅड बांधून नुसतं वाट बघत बसावं लागलं होतं, त्यानं बाहेर बसलेल्या एका पोरीला योग्य वेळी योग्य जागी पाठवलं, असं मला त्या रात्री वाटलं आणि अजूनही वाटतं.

प्रतिका जखमी झाल्यावर शेफाली वर्माला बोलावलं गेलं. मूळ संघात ती नव्हतीच. २ नोव्हेंबरला अंतिम सामना, आणि त्याच दिवशी कार्तिकी एकादशी होती. देहूच्या बाजूनं टाळांचा आवाज, आणि द्रुतगती मार्गावर निळे टी-शर्ट घातलेल्या पोरापोरींच्या गाड्या घाट उतरून नेरूळकडे. लोणावळा हे गाव दोन मैदानांच्या मध्ये बसलंय: इकडे गहुंजे, तिकडे डी. वाय. पाटील. पावसानं सामना दोन तास उशिरा सुरू झाला. शेफालीच्या ८७ धावा, दीप्ती शर्माच्या ५८ धावा आणि पाच बळी. दक्षिण आफ्रिकेची लॉरा वोल्वार्ट शतक ठोकून झुंजत होती. मध्यरात्रीच्या सुमाराला हरमनप्रीतनं मागे धावत जाऊन शेवटचा झेल घेतला आणि भारत ५२ धावांनी जिंकला. मैदानावरच्या त्या धावपळीत हरमनप्रीत मुझुमदारांसमोर आली, वाकली, त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी तिला उठवून मिठी मारली. मल्ल कुस्ती मारून येतो आणि आधी वस्तादाच्या पाया पडतो, ते ज्यांनी लहानपणापासून पाहिलंय, त्यांना या दृश्यात नवं काही दिसलं नसेल. फक्त ते आखाड्याबाहेर, जगासमोर घडलं.

दुसऱ्या दिवशी तळेगाव स्टेशनावर लोकलची वाट बघताना तीच पोरं भेटली. आता विषय असा होता की अमोल सरांना पुरुषांच्या संघाचा कोच का करत नाहीत. मला बरं वाटलं आणि थोडं खटकलंही. महिला संघ म्हणजे खालची पायरी, चांगलं काम केलं की बढती मिळून पुरुषांकडे जायचं, हा हिशेब त्यांच्या बोलण्यात गृहीतच होता. विश्वचषक जिंकून देणाऱ्याला आणखी वर कुठे चढायचं असतं?

आणखी एक गोष्ट या सगळ्या गदारोळात कुणीच विचारली नाही. दोन वर्षं लोक ‘भारताकडून खेळला का’ हे विचारत राहिले, पण या खुर्चीवर भारताकडून खेळलेली बाई का नाही, हा प्रश्न कट्ट्यावर माझ्या कानावर आला नाही. पूर्णिमा रावांनंतर ही खुर्ची कायमस्वरूपी कुठल्याच बाईकडे गेलेली नाही. नूशीन अल खादीर भारताकडून खेळलेली ऑफस्पिनर. तिच्या हाताखाली भारताच्या १९ वर्षांखालील मुलींनी २०२३मध्ये पॉचेफस्ट्रूमला पहिलावहिला विश्वचषक जिंकला आणि २०२५मध्ये क्वालालंपूरला पुन्हा जिंकला. लागोपाठच्या दोन विश्वविजेत्या संघांची प्रशिक्षक. मुझुमदारांना जे मिळालं ते त्यांच्या हक्काचंच होतं आणि त्यांनी ते खणखणीत सिद्ध केलं. नूशीनचं नाव मात्र मावळात मी दहा जणांपुढे काढलं तर नऊ जण ‘कोण?’ म्हणतात.

२०२२च्या मे महिन्यात गहुंजेला महिलांची ट्वेंटी-२० चॅलेंज स्पर्धा झाली, तेव्हा सोलापूर जिल्ह्यातल्या किरण नवगिरेनं ३४ चेंडूंत ६९ धावा कुटल्या होत्या. ते पाहिलेल्या मुली आज वडगाव, तळेगाव, लोणावळ्याच्या नेट्सवर मुलांच्या बरोबरीनं गोलंदाजी करतात. त्यांना शिकवणारे बहुतेक शाळेचे क्रीडाशिक्षक किंवा क्लबात जमेल तसा वेळ देणारे माजी खेळाडू. त्यांच्या नेमणुकीची बातमी कुठे येत नाही. मुझुमदारांनंतर कधीतरी ही खुर्ची रिकामी होईल आणि बीसीसीआय पुन्हा एक नाव जाहीर करेल. ते नाव नूशीनचं असलं, तर कामशेतच्या चहाच्या गाडीवर मला कडाक्याचं भांडण ऐकायचंय: तिची फिरकी कशी होती यावर, १९ वर्षांखालच्या पोरींना तिनं कसं हाताळलं यावर, आणि आता मोठ्या संघातल्या कुठल्या पोरीला ती कोणत्या क्रमांकावर पाठवणार यावर.